पॉइंट दोन अंशांचं भांडण: केळी विम्याच्या एका प्रकरणाची नोंद

हे प्रकरण तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका महसूल मंडळात, म्हणजे महसुली कामासाठी एकत्र धरलेल्या काही गावांच्या गटात, घडलं. मंडळाचं, माणसांचं आणि विमा कंपनीचं नाव दिलेलं नाही, साल मुद्दाम सोडलं आहे. भरपाईसाठी शेतकऱ्यांचा जो गट उभा राहिला, त्यात मी भाषणं करणारा नव्हतो, कागद सांभाळणारा होतो. विकास सोसायटीत गटसचिव म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे फायली माझ्याकडे आल्या. पुढचं सगळं त्या फायलींवरून लिहिलं आहे, आणि जिथं माझं मत आहे तिथं ते माझंच आहे.

पार्श्वभूमी

रावेर-यावल पट्ट्यात केळी हे नुसतं पीक राहिलेलं नाही. मुलीचं लग्न, ट्रॅक्टरचा हप्ता, मुलाची पुण्यातली फी, सगळं घडावर मोजलं जातं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सावदा आणि रावेरहून रेल्वेनं केळी उत्तरेत जाते, हे बाहेरच्यांना माहीत असतं. थंडीत या केळीचं काय होतं ते कमी जणांना माहीत असतं. जानेवारीत सातपुड्यावरून गार वारं उतरलं की पानं पिवळी पडतात, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं अडकतं, घड पोसत नाही. आमच्याकडे त्याला चरका म्हणतात. एका रात्रीत बाग मरत नाही, म्हणून पंचनाम्यात ते नुकसान दिसतही नाही. तीन महिन्यांनी व्यापारी घड हातात धरतो आणि भाव पाडतो, तेव्हा ते दिसतं.

यासाठीच हवामान आधारित फळपीक विमा योजना आहे. २०१६ पासून ती नव्या रूपात चालते. यात थंडीचं नुकसान कोणी शेतात येऊन पाहत नाही. महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र जी नोंद करतं तीच खरी. आमच्या प्रकरणातल्या वर्षी थंडीची अट अशी होती: सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली गेलं पाहिजे. गेलं तर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई, नाही गेलं तर कोणालाच नाही.

पैशाचं गणितही सांगून ठेवतो, कारण दबाव कुठून कसा येतो ते त्यातच आहे. शेतकऱ्याचा हप्ता मुळात विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्के, उरलेला मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकार मिळून भरतात. २०२० च्या खरिपापासून केंद्रानं आपला वाटा मर्यादित केला: कोरडवाहू भागात ३० टक्के आणि बागायती भागात २५ टक्के हप्तादरापर्यंतच. त्याच्या वर दर गेला की भार राज्याकडे सरकतो. म्हणजे अटी शेतकऱ्याच्या सोयीच्या केल्या की कंपन्या निविदेत दर चढवतात, आणि दर चढले की मंत्रालयातल्या वित्तवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. २०२० मध्ये राज्यानं केळीचे निकष बदलले, जिल्हाभर ओरड झाली आणि २०२१ मध्ये जुने निकष परत आले. ती ओरड नुकसान झाल्यावर एका मंडळापुरती झाली नव्हती. ती अटींवरच होती, हा फरक आम्हाला फार उशिरा कळला.

अडचण

त्या जानेवारीत सलग चार रात्री कडाक्याची थंडी पडली. शेजारच्या मंडळाचं केंद्र आमच्या शिवेपासून जेमतेम सहा किलोमीटरवर आहे. तिथं चारही दिवस पारा ८ च्या खाली होता. त्यांच्या खात्यात भरपाई येणार हे मार्चमध्ये कळलं. आमच्या मंडळाच्या नावापुढे शून्य होतं.

कंपनीच्या तक्त्यात आमचे चार आकडे होते: ७.६, ८.२, ७.४, ७.८. दुसऱ्या दिवशीच्या ८.२ नं साखळी तोडली होती. पहिला दिवस एकटा पडला, शेवटचे दोन दिवस तीनला कमी पडले. पॉइंट दोन अंश. बांधाच्या अलीकडची आणि पलीकडची केळी सारखीच चरकलेली, फक्त पलीकडच्या बांधाचं मंडळ वेगळं.

पहिल्या बैठकीला मारुतीच्या पारावर दोनशेवर माणसं होती. एक म्हातारे आबा उठून म्हणाले, "त्या यंत्राले थंडी वाजली नाही, मंग आमच्या केळीले कशी वाजली?" लोक हसले, पण वातावरण हसण्याचं नव्हतं.

गट बनताना

राज्यशास्त्राच्या पुस्तकात दबावगट आणि राजकीय पक्ष यांतला फरक एका ओळीत देतात: पक्षाला सत्ता हवी असते, दबावगटाला सत्तेकडून काम करून घ्यायचं असतं. गावात ही रेघ पुसट असते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८० मध्ये चाकणच्या कांद्यापासून रस्ता अडवून सरकारला बोलतं केलं, ती निव्वळ दबावाची ताकद होती. त्याच जोशींनी १९९४ मध्ये पक्ष काढला. आमच्या गटात अकरा जणांची समिती झाली, त्यातल्या किमान तिघांच्या डोळ्यांसमोर बाजार समितीची निवडणूक होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोललं नाही.

सुमारे चारशे विमाधारकांच्या सह्या झाल्या. सही करायला सातबारा आणि विम्याची पावती लागत होती. तो नियम मीच केला, कागद पक्के राहावेत म्हणून. त्या नियमानं कोण बाहेर राहिलं ते शेवटी येईल.

समोरचे पर्याय

बैठकीत चार वाटा निघाल्या. तरुणांना बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग अडवायचा होता. समितीतल्या जाणत्यांना आमदारांकडे जायचं होतं. निवृत्त प्राचार्य असलेले एक सर म्हणाले, आधी माहिती अधिकारात तासातासाच्या नोंदी मागू. आणि एकाचा भाचा वकील, म्हणून कोर्ट.

प्रत्येक वाटेचं वजन आम्ही एकाच काट्यावर करत होतो: लवकर पैसे कशानं मिळतील. तो काटाच चुकीचा होता असं आता वाटतं. सरकार नावाची एकच वस्तू आहे असं धरून आम्ही बोलत होतो. प्रत्यक्षात ज्याच्याकडे आम्ही जात होतो त्या प्रत्येकाच्या हातात वेगळी गोष्ट होती. जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार निवारण समितीचं अध्यक्षपद होतं, पण निकष बदलायचा अधिकार नव्हता. आमदाराकडे प्रश्न विचारायचा अधिकार होता, कंपनीला हुकूम द्यायचा नव्हता. न्यायालय हुकूम देऊ शकत होतं, पण तापमान किती होतं याचा वाद रिट याचिकेत सोडवत बसणार नव्हतं. आणि निकष जिथं ठरतात ती राज्यस्तरीय समन्वय समिती, तिचं नाव त्या रात्री पारावर कोणीही घेतलं नाही.

सरांचं म्हणणं मला पटलं होतं, पण मी गप्प बसलो. दोनशे तापलेल्या माणसांसमोर "अर्ज करू, तीस दिवस थांबू" म्हणायला छाती लागते.

काय केलं: रस्ता

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रास्ता रोको झाला. दोन तास, केळीची खोडं रस्त्यावर आडवी टाकून. ट्रकांच्या रांगा लागल्या, टीव्हीवाले आले. प्रांताधिकाऱ्यांनी येऊन निवेदन घेतलं आणि चारच दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांनी बैठक लावली. अर्जानं दोन महिन्यांत झालं नसतं ते दोन तासांत झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

किंमत नंतर कळली. जिल्ह्यात मनाई आदेश होता, नऊ जणांवर गुन्हे दाखल झाले. त्यात एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता, रोज पहाटे धावायचा. चारित्र्य पडताळणीत गुन्हा प्रलंबित दिसला. त्याचे वडील आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत. बैठकीत खोडं कोण उचलणार ते ठरलं होतं, पण पुढे कोणी बसायचं आणि कोणी बसायचं नाही हे ठरलं नव्हतं.

जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत कंपनीचा प्रतिनिधी लॅपटॉप घेऊन आला होता. तो शांतपणे म्हणाला, केंद्राची नोंद हाच कराराचा पाया आहे, आम्ही ती बदलू शकत नाही. कृषी विभागानं मान डोलावली. आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण आमच्याकडे चरकलेल्या पानांचे फोटो होते आणि या योजनेत फोटोला किंमत नाही. बाहेर पडताना एका अधिकाऱ्यानं जिन्यात हळूच सांगितलं, "फार ताणू नका. पुढच्या निविदेला कंपन्या आल्याच नाहीत तर जिल्ह्याचा विमाच जाईल." धमकी म्हणून नव्हे, काळजीनं म्हणाले असावेत. पण तेव्हा लक्षात आलं की दबाव आम्हीच टाकत नाही. कंपनीला रस्त्यावर बसावं लागत नाही. निविदेपूर्वीच्या बैठकीत खुर्चीवर बसून तिचं म्हणणं पोचतं, आणि ते दर चढवण्याच्या किंवा माघार घेण्याच्या भाषेत असतं.

काय केलं: विधिमंडळ

आमदारांनी आधी पत्र दिलं. त्यांच्या लेटरहेडवर, "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं. अशा पत्रांचं मंत्रालयात काय होतं हे ज्यानं एकदा पाहिलं तो त्या पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवत नाही. आमच्या लोकांनी फिरवला, हारतुरे झाले.

सरांनी दुसरा हट्ट धरला: पत्र नको, तारांकित प्रश्न हवा. पत्राला उत्तर द्यायचं बंधन नसतं. तारांकित प्रश्न स्वीकारला गेला तर विभागाला लेखी उत्तर तयार करावं लागतं, त्यासाठी पुण्याच्या कृषी आयुक्तालयातून जिल्ह्याकडे विचारणा येते, जिल्ह्याकडून तालुक्याकडे. म्हणजे सभागृहात प्रश्न पुकारला जाण्याआधीच फाइल हलते. विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ सदस्य, त्यांतल्या कोणालाही हा प्रश्न विचारता येतो. आमच्या मतदारसंघाचाच आमदार हवा असं काही नाही.

इथं गट पहिल्यांदा फाटला. आमचे आमदार सत्ताधारी बाजूचे, त्यांनी स्वतःच्या सरकारला अडचणीत आणणारा प्रश्न विचारायला टाळाटाळ केली. परिषदेतले विरोधी बाजूचे एक सदस्य तयार होते. समितीतल्या चौघांनी सांगितलं, त्यांच्याकडे गेलो तर आमदार नाराज होतील, पाण्याच्या योजनेचं काम अडेल. रात्री एकपर्यंत वाद चालला. शेवटी प्रश्न परिषदेत गेला आणि आमदारांना आधी भेटून सांगितलं गेलं. लपवून केलं नाही, एवढं बरं झालं. आमदार रागावले, पण पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतः औचित्याचा मुद्दा मांडला. विरोधकाच्या हातात विषय गेलेला कोणत्याच लोकप्रतिनिधीला सोसवत नाही. हे डोकं लढवून केलेलं नव्हतं, आपोआप घडलं.

पावसाळी अधिवेशनात उत्तर आलं. ज्यांनी विधिमंडळाची उत्तरं वाचली आहेत त्यांना तो साचा माहीत असेल: "हे खरे आहे काय?" आणि खाली "हे खरे नाही", "प्रश्न उद्भवत नाही". आमच्या पहिल्या भागाला उत्तर होतं, "अंशतः खरे आहे." पुढे एक वाक्य होतं की सदर दिनांकास केंद्र तांत्रिक कारणास्तव बंद असल्याने पर्यायी केंद्राची नोंद घेण्यात आली.

चार महिने आम्ही पॉइंट दोन अंशांवर भांडत होतो. तो ८.२ आमच्या केंद्राचा नव्हताच.

काय केलं: कागद

माहिती अधिकाराचा अर्ज सरांनी मे महिन्यात टाकला होता. पहिलं उत्तर नकाराचं आलं. माहिती त्रयस्थ पक्षाची आहे, व्यापारी गोपनीयता आहे. २००५ च्या कायद्यात त्रयस्थ पक्षाची तरतूद आहे हे खरं, पण तिचा अर्थ त्या पक्षाला विचारायचं असा होतो, माहिती देऊच नये असा नाही. पहिलं अपील केलं. विधिमंडळातलं उत्तर आलं होतं, त्याची प्रत जोडली. सरकारनं सभागृहात जे कबूल केलं ते खाली कार्यालयात गोपनीय कसं, एवढाच मुद्दा. अपिलात तासवार नोंदी आणि देखभालीचा तक्ता मिळाला. त्या रात्री केंद्राची बॅटरी उतरली होती. रात्री अकरा ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नोंदच नव्हती. रिकाम्या जागी ज्या केंद्राचा आकडा भरला होता ते केंद्र पंचवीस किलोमीटर दक्षिणेला, तापीकाठच्या वस्तीत होतं.

हे हातात आल्यावर आम्ही वकिलांकडे गेलो. खान्देशचे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, म्हणून तिथले वकील. त्यांनी अर्धा तास ऐकलं आणि एकच विचारलं, "तुमचं केंद्र बंद पडलं तर कोणत्या केंद्राची नोंद घ्यायची, हे कुठं लिहिलेलं आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

हंगामापूर्वी प्रत्येक मंडळाचं संदर्भ केंद्र आणि बॅकअप केंद्र ठरतं, त्याची यादी असते. परतल्यावर आमच्या कृषी सहायकाला विचारलं. त्यानं खिशातून मोबाइल काढला, पीडीएफ उघडली आणि दोन मिनिटांत ओळ दाखवली. आमच्या मंडळाचं बॅकअप केंद्र म्हणून शेजारच्या मंडळाचं, त्या सहा किलोमीटरवरच्या केंद्राचं नाव होतं. जिथं त्या रात्री पारा ८ च्या बराच खाली होता. यादी त्याच्या मोबाइलमध्ये ऑगस्टमध्ये आली नव्हती, आदल्या वर्षीपासून होती. "तुम्ही विचारलंच नाही भाऊ," तो म्हणाला. आणि खरंच, रस्ता अडवला, मुंबई गाठली, पण गावातल्या कृषी सहायकाला कोणी काही विचारलं नव्हतं.

काय केलं: न्यायालय

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या २०२० च्या खरीप सोयाबीनच्या विम्यावर याच खंडपीठानं २०२२ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला होता, त्यामुळे गावात आशा मोठी होती. वकिलांनी ती आधी खाली आणली. आपण भरपाई मागायची नाही, ते म्हणाले. तक्रार निवारण समितीकडे अर्ज पडून आहे, तिनं ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा एवढंच मागायचं. कोर्टाला पर्यायी दाद उपलब्ध आहे असं दिसलं तर ते परत पाठवणारच, मग परत पाठवताना तारीख तरी घेऊ. मोठी मागणी करून दोन वर्षं पडून राहण्यापेक्षा छोटी मागणी करून दोन महिन्यांत बाहेर पडू.

आमच्या गटाच्या समितीतल्या काहींना हे मिळमिळीत वाटलं. एकानं तर सुचवलं की सुनावणीच्या दिवशी चार बस भरून खंडपीठासमोर माणसं उभी करायची. वकिलांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "मग दुसरा वकील बघा." न्यायाधीशापुढे गर्दीचा उपयोग शून्य आणि तोटा पुष्कळ. जिल्हाधिकारी गर्दी मोजतो, आमदार मतं मोजतो, तिथं कागद मोजतात. बस गेल्या नाहीत. या सगळ्या प्रकरणात आम्ही जे केलं नाही त्यातलं हे सर्वांत शहाणपणाचं.

सप्टेंबरमध्ये आदेश आला: अर्जदारांचं म्हणणं ऐकून समितीनं आठ आठवड्यांत सकारण निर्णय द्यावा. "सकारण" या शब्दाला मी फायलीत लाल पेन्सिलनं अधोरेखित केलं आहे. त्याआधी आलेली सगळी उत्तरं "नियमानुसार कार्यवाही सुरू आहे" या वळणाची होती.

मधला एक अप्रिय भाग

सुनावणीआधी कंपनीनं आपला डाव टाकला. मंडळातल्या काही विमाधारकांच्या शेतात केळीच नाही, क्षेत्र वाढवून विमा उतरवला आहे, असं तिनं पडताळणीचा हवाला देऊन लिहिलं. गावात संताप झाला, पण मी ई-पीक पाहणीच्या नोंदी आणि विम्याच्या पावत्या शेजारी ठेवून पाहिल्या. आरोप सगळा खोटा नव्हता. काही जणांनी खरंच दोन एकर केळीवर चार एकरांचा विमा उतरवला होता. त्यात समितीतला एक जण होता.

दोन मतं पडली. आपली माणसं उघडी पाडली तर गट फुटेल, हे एक. नाही पाडली तर चारशे जणांचा खरा दावा वीस जणांच्या खोट्याखाली गाडला जाईल, हे दुसरं. सरांनी त्या वीस जणांना एकेकट्यानं घरी बोलावून सांगितलं की जादा क्षेत्राचा दावा लेखी मागे घ्या. सतरा जणांनी घेतला. समितीतल्या त्या माणसानं घेतला नाही, समिती सोडली आणि महिनाभरानं बाजार समितीच्या निवडणुकीला उभा राहिला. तक्रार निवारण समितीच्या पुढच्या सुनावणीत आम्ही मागे घेतलेल्या दाव्यांची यादी स्वतःच सादर केली. कंपनीच्या वकिलाकडे बोलायला तो एक मुद्दा होता, तोही गेला.

निकाल

नोव्हेंबरमध्ये जिल्हास्तरीय समितीनं निर्णय दिला. यादीत ठरलेल्या बॅकअप केंद्राऐवजी दुसऱ्याच केंद्राची नोंद घेतली गेली, हे अटींना धरून नाही, म्हणून ठरलेल्या केंद्राची नोंद धरून दावे काढावेत. कंपनी वरच्या समितीकडे गेली, तिथं आणखी तीन महिने गेले. शेवटी पुढच्या फेब्रुवारीअखेर बहुतेकांच्या खात्यात रक्कम आली. केळीला चरका बसला त्याला तेरा महिने झाले होते. उशिराच्या भरपाईवर १२ टक्के व्याजाची तरतूद आहे, ते आम्ही मागितलं, मिळालं नाही, आणि पुन्हा कोर्टात जायची कोणाची तयारी उरली नव्हती.

आमचं हवामान केंद्र दुरुस्त झालं, बॅटरी बदलली. निकष मात्र तसेच राहिले. बॅकअप केंद्राची नोंद वापरली तर शेतकऱ्याला ती कळवावी, कंपनीच्या तक्त्यात तसा रकाना असावा, ही साधी मागणी आम्ही शेवटच्या निवेदनात तळाला लिहिली होती. पैसे आल्यावर ती मांडायला मुंबईला कोणी गेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट उघड आहे. यादी आधी वाचायला हवी होती. एप्रिलच्या बैठकीत ती पीडीएफ टेबलावर ठेवली असती तर कंपनीच्या प्रतिनिधीचं "कराराचा पाया" हे वाक्य आमच्या बाजूनं पडलं असतं. रस्ता अडवायचा की नाही हा प्रश्न मी अजूनही एका बाजूला टाकू शकत नाही. त्या बैठकीची तारीख रस्त्यानंच मिळवून दिली. पण हातात कागद असता तर ती एक बैठक पुरली असती, आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला घरी ठेवणं एवढं तरी जमलंच असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. आमचा सगळा जोर नुकसान झाल्यानंतर लागला. अटी, केंद्रांची यादी आणि निविदा हे सगळं हंगामाच्या आधी ठरतं, आणि तेव्हा आमचा गट अस्तित्वातच नसतो. कंपन्या तेव्हा हजर असतात. १९३६ मध्ये फैजपूरला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं आणि शेतकऱ्यांचा कार्यक्रम मंजूर झाला, हे इकडच्या प्रत्येक भाषणात येतं. पुढची विम्याची निविदा कधी निघते हे मात्र त्या भाषणं करणाऱ्यांतल्या कोणाला विचारून पाहा.

तिसरी गोष्ट माझ्या नियमाची आहे. सातबारा आणि पावती असेल त्याचीच सही. आमच्या मंडळात बरीच केळी निमबटाईवर आहे. रोपं, खत, ठिबक यांत बटाईदाराचा निम्मा खर्च असतो, मजुरी पूर्ण त्याची. विमा मालकाच्या नावावर. भरपाई आली ती मालकाच्या खात्यात. काहींनी वाटून दिली, बऱ्याच जणांनी नाही. बटाईदाराला स्वतःच्या नावानं विमा उतरवायचा तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि तो करून द्यायला मालक घाबरतो. १९४८ च्या कूळ कायद्याची आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाची, म्हणजे कसणारं कूळच जमिनीचं मालक ठरलं त्या दिवसाची, भीती तीन पिढ्यांनंतरही घराघरांत आहे: कागद दिला की जमीन गेली. मे महिन्यातल्या एका बैठकीत एका बटाईदारानं हा मुद्दा काढला होता. समितीनं सांगितलं, आधी मंडळाचं होऊ दे, मग तुझं बघू. इतिवृत्तात ते वाक्य माझ्याच अक्षरात आहे.

पैसे आल्यानंतर सर आणि मी मिळून अकरा महिन्यांच्या कराराचा एक मसुदा केला. त्यात मालकी हक्काला धक्का नाही असं पहिल्याच कलमात लिहिलं, भरपाईचा निम्मा वाटा बटाईदाराचा असं चौथ्या कलमात. वकिलांकडून तपासून घेतला, वीस प्रती काढल्या. चौदा मालकांकडे घेऊन गेलो. सगळ्यांनी चहा दिला. वीसच्या वीस प्रती फायलीत शेवटी टाचलेल्या आहेत, कोऱ्या.